जवसाचं तेल आणि डिंकाची भिंत

२३ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ‘वन मेरिडियन प्लाझा’ या अडतीस मजली इमारतीला आग लागली. बाविसाव्या मजल्यावर लाकडी फळ्यांना पॉलिश करायचं काम चालू होतं आणि जवसाच्या तेलात भिजलेली फडकी तिथेच टाकून कामगार घरी गेले होते. कुणी काडी ओढली नव्हती. फडक्यांतलं तेल हवेतला ऑक्सिजन घेत राहिलं, त्या क्रियेतून उष्णता निघत राहिली, ढिगात अडकलेल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही आणि फडकी आपोआप पेटली. आग अठरा तासांहून जास्त वेळ धुमसत होती. अग्निशामक दलाचे तीन जवान त्यात मृत्युमुखी पडले.

विदर्भात भाकरीसोबत जवसाची चटणी खातात, तिच्यातलं तेल हेच. क्रिकेटची नवी बॅट मुरवायला चोळतात ते हेच, आणि चित्रकार रंगाची पूड ज्यात खलतात तेही हेच. कॅनव्हासवर हे तेल ‘वाळतं’ असं आपण म्हणतो, पण त्यातून पाण्यासारखं काही उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंतून कडक पापुद्रा होतो. चित्रकाराला जो गुण हवा, तोच स्वयंपाकघरात दोष ठरतो. तिथे त्याला खवटपणा म्हणतात.

याचं कारण रेणूच्या घडणीत आहे. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन स्निग्धाम्लं. स्निग्धाम्लाच्या कार्बनसाखळीत काही ठिकाणी दुहेरी बंध असतात. अशा दोन बंधांच्या मध्ये सापडलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन फार सहज सुटतो. तो सुटला की त्या जागी ऑक्सिजन येऊन बसतो, नवा अस्थिर रेणू तयार होतो, तो शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो आणि हे लोण पुढे पसरत जातं. शेंगदाणा तेलात मुबलक असलेल्या ओलिक आम्लात असा नाजूक कार्बन एकही नाही. करडईच्या लिनोलिक आम्लात एक आहे. जवसाच्या अल्फा-लिनोलेनिक आम्लात दोन आहेत. माशांच्या तेलातल्या डीएचएमध्ये तर पाच. ओलिकच्या तुलनेत लिनोलिक ढोबळमानाने दहापट वेगाने बिघडतं आणि लिनोलेनिक वीसपटीने. जवसाच्या तेलात अर्ध्याहून अधिक वाटा या लिनोलेनिकचाच असतो. बिघडलेले रेणू पुढे तुटतात आणि त्या तुकड्यांतून हेक्झॅनलसारखी अल्डिहाइडं तयार होतात. आपल्या नाकाला खवट वास येतो तो त्यांचा, आणि नाकाला ती अगदी नगण्य प्रमाणातही कळतात.

अल्फा-लिनोलेनिक आम्ल आणि डीएचए ही दोन्ही ओमेगा-३ गटातली. म्हणजे ज्या ओमेगा-३ स्निग्धाम्लांची मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला सर्वांत जास्त गरज, त्यांचीच तेलं सगळ्यात नाशवंत. ती सुरक्षित ठेवून लोकांच्या रोजच्या खाण्यात कशी पोहोचवायची, या प्रश्नावर जगभरचे अन्नतंत्रज्ञ गेली अनेक दशकं काम करत आहेत. त्यांचं एक उत्तर म्हणजे तेलाच्या प्रत्येक थेंबाभोवती खाण्याजोग्या पदार्थाची भिंत बांधायची आणि तेलाची कोरडी पावडर करायची. या विद्येला मायक्रोएन्कॅप्सुलेशन म्हणतात. लहान बाळांच्या दुधाच्या डब्यात, मुलांच्या पौष्टिक पेयांत, इन्स्टंट नूडल्सच्या मसाल्याच्या पुडीत आणि सरबताच्या पावडरीत ती आपल्या घरी केव्हाच येऊन बसली आहे. तिच्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलं आहे, याची मला खंत वाटते.

नागपूरच्या पलीकडे एका गावात लाकडी घाण्यावर जवसाचं तेल काढणाऱ्या एका काकांकडे मी गेलो होतो. घाण्यातून पडणारी धार पिवळीधमक होती आणि वास ताज्या भाजलेल्या दाण्यासारखा. काकांनी ती गडद काचेच्या छोट्या बाटल्यांत काठोकाठ भरली, बुचाखाली हवा राहू दिली नाही. म्हणाले, “जवस वर्षभर राहते जी पोत्यात, काही होत नाही त्याले. तेल काढलं का मग दिवस मोजा.” मागच्या फळीवरची एक जुनी बाटली त्यांनी उघडली, बुचाचा वास घेतला आणि माझ्या नाकाशी धरली. जुन्या रंगाच्या डब्याचा असतो तसा तो वास होता. “हे आता खायचं नाही. सुताराले द्या लागते.” त्यांच्याकडे कुठलंही उपकरण नव्हतं. तेल चटणीचं कधीपर्यंत आणि सुताराचं कधीपासून, हे त्यांचं नाकच ठरवत होतं.

पोत्यातलं जवस वर्षभर कसं टिकतं, हा प्रश्न त्यांच्या वाक्यातच दडलेला आहे. टरफल हे त्याचं एक कारण. खरं कौतुक आतल्या रचनेचं आहे. कुठल्याही तेलबीच्या पेशीत तेल मोकळं साचलेलं नसतं. ते साधारण अर्धा ते दोन मायक्रॉन व्यासाच्या असंख्य थेंबांत वाटलेलं असतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्रत्येक थेंबाभोवती फॉस्फोलिपिडचा एकपदरी थर असतो आणि त्यात ओलिओसिन नावाची प्रथिनं खिळे ठोकल्यासारखी रुतलेली असतात, त्यामुळे शेजारचे थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. सोबत व्हिटॅमिन ईसारखे ऑक्सिडेशन रोखणारे पदार्थही बीच पुरवते. बी रुजेपर्यंत हा साठा सुरक्षित राहतो. घाण्यात किंवा मिक्सरमध्ये आपण मोडतो ती ही रचना. म्हणून आपल्याकडच्या बायका जवस अख्खं भाजून ठेवतात आणि चटणी लागेल तेवढीच कुटतात. दाण्याच्या कुटाचंही तसंच. कारखान्यातलं एन्कॅप्सुलेशन म्हणजे बीने केलेलं आणि आपण मोडलेलं काम पुन्हा उभं करण्याची खटपट आहे, असं मी समजतो. ही खटपट मोठी आहे, आणि बीइतकी अजून कुणाला जमलेली नाही.

या तंत्राचं पहिलं मोठं यश मात्र खाण्याच्या पदार्थात आलं नाही. ते आलं कागदात. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहरी नॅशनल कॅश रजिस्टर ही गल्ल्याची यंत्रं बनवणारी कंपनी होती. तिथे बॅरेट ग्रीन नावाच्या संशोधकाने कार्बनपेपरशिवाय दुसरी प्रत उमटवणारा कागद तयार केला आणि १९५४ मध्ये तो बाजारात आला. वरच्या कागदाच्या पाठीवर रंगहीन रसायन मिसळलेल्या तेलाचे सूक्ष्म थेंब जिलेटिन आणि अरबी डिंकाच्या कवचात बंद केलेले. पेनाचा दाब पडला की कवच फुटतं, रसायन खालच्या कागदावरच्या मातीच्या लेपाला भिडतं आणि निळं अक्षर उमटतं. दुकानात मिळणाऱ्या बिलाच्या खालची ती फिकट निळी प्रत असंख्य लोकांनी हाताळली आहे.

ग्रीनने वापरलेली युक्ती त्याहून जुनी. हॉलंडमधल्या बुंगेनबर्ग डी योंग आणि क्रुइट यांनी १९२९ मध्ये तिला कोॲसरव्हेशन हे नाव दिलं. जिलेटिन हे प्रथिन आणि डिंक ही शर्करांची लांब साखळी. कोमट पाण्यात दोन्ही विरघळवून पाणी हळूहळू आंबट करत नेलं की पीएच चारच्या आसपास जिलेटिनवर धन भार येतो. डिंकावरचा भार ऋण असतो. मग दोघं एकमेकांना धरतात, पाण्यातून वेगळे होतात आणि जवळ तेलाचा थेंब असेल तर त्याच्याभोवती जाऊन बसतात. पाणी थंड केलं की हा लेप गोठतो. कागदाच्या कवचाला कडक करायला ग्लुटाराल्डिहाइड चालतं, खाण्याच्या कवचाला ते चालत नाही. तिथे ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एन्झाइम प्रथिनांचे धागे एकमेकांना शिवून टाकतं.

याच वाटेने कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या ‘ओशन न्यूट्रिशन’ या कंपनीने मासळीच्या तेलाची पावडर केली. ती पाव आणि दह्यातच नव्हे, तर संत्र्याच्या रसातही घातली गेली. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या त्या रसाच्या खोक्यावर सार्डिन आणि अँचोव्ही माशांचं तेल आणि तिलापिया माशाचं जिलेटिन असं लिहिलेलं असे. पिणाऱ्याला मासळीचा वास येत नसे, हे तंत्राचं यश. २०१२ मध्ये डीएसएम या डच कंपनीने ही कॅनडाची कंपनी ५४ कोटी कॅनेडियन डॉलरना विकत घेतली. आपल्या देशात मात्र या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. संत्र्याच्या रसावर मांसाहाराची तपकिरी खूण उमटलेली पाहून इथला ग्राहक बाटली परत ठेवेल, आणि तसं करण्याचा त्याला पुरेपूर हक्क आहे. भिंत कशाची आहे हे सांगणं इथे तेल कशाचं आहे हे सांगण्याइतकंच गरजेचं ठरतं. भारतातली मंडळी डिंक, स्टार्च आणि दुधाच्या प्रथिनांकडे वळली, त्यामागे या आवडीनिवडीचाही वाटा असणार.

जगात खाण्याच्या तेलाचं सर्वांत जास्त एन्कॅप्सुलेशन होतं ते स्प्रे ड्रायिंगने, म्हणजे ज्या रीतीने दुधाची पावडर करतात त्या रीतीने. सॅम्युअल पर्सी या अमेरिकनाने १८७२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. पुण्याजवळच्या एका एमआयडीसीतल्या कारखान्यात मी ते काम जवळून पाहिलं.

आधी टाकीत गरम पाणी, त्यात डिंक आणि मक्यापासून होणारं माल्टोडेक्स्ट्रिन. रात्रभर भिजलेला डिंक असला तर उत्तम, कारण अर्धवट फुगलेला डिंक थेंब नीट धरत नाही. मग ढवळत ढवळत तेल सोडतात. या टप्प्याला ते दाट, पिवळसर, बेसनाच्या पिठल्याच्या रंगाचं दिसतं. ते होमोजिनायझरमधून दोनशे बारच्या आसपास दाबाने एका चिंचोळ्या फटीतून काढलं की पांढरंशुभ्र होऊन बाहेर येतं. तेलाचे थेंब एका मायक्रॉनच्या खाली गेल्याची ती खूण. तिथल्या सुपरवायझरने काचेच्या पेल्यात थोडं घेऊन उजेडाकडे धरलं, काठाला निळसर झाक दिसली तेव्हाच पुढे सोडायला सांगितलं. “इथे घाई केली की पुढे काहीच हातात राहत नाही. ड्रायर फक्त वाळवतो, भिंत इथे बांधली जाते,” ते म्हणाले.

पुढे दोन मजली स्टीलचं उभं पात्र. वर मिनिटाला वीसएक हजार फेरे घेणारी चकती हे मिश्रण तुषारांत उडवते. आत येणारी हवा १७० अंश सेल्सिअस, बाहेर जाणारी ८५. पहिल्यांदा पाहणाऱ्याला धसकाच बसतो, कारण जे तेल उन्हात बाटली ठेवली तरी बिघडतं ते या भट्टीत कसं टिकावं? पण तुषारातलं पाणी उडत असताना स्वतःबरोबर उष्णता घेऊन जातं, त्यामुळे थेंब हवेपेक्षा पुष्कळ थंड राहतो. पाणी संपतासंपता तो पात्राच्या तळाशी पोहोचलेला असतो. हा सारा प्रवास काही सेकंदांचा.

आणखी एक नवल आहे. तेलात वास असतो, वास म्हणजे उडून जाणारे रेणू. पाणी उडतं आणि वास मागे राहतो, हे कसं? हॉलंडमधल्या आइंडहोवेन इथल्या थाइसेन यांनी १९६० च्या दशकाअखेरीस त्याचं स्पष्टीकरण दिलं. तुषाराच्या पृष्ठभागावर क्षणार्धात कोरडी साय धरते. त्या सायीतून पाण्याचा चिमुकला रेणू निसटू शकतो, वासाचा मोठा रेणू अडकून राहतो. साय जितक्या लवकर धरेल तितका वास जास्त टिकेल. म्हणूनच मिश्रण पातळ ठेवून चालत नाही आणि पाण्यात भरपूर विरघळूनही ओतता येईल असा पातळ राहणारा अरबी डिंक या धंद्याचा लाडका आहे.

खाली सायक्लोनमधून पिंपात पावडर पडत होती. बोटांत चोळली तर कोरडी, मऊ, किंचित गोडसर. जिभेवर ठेवली तेव्हा डिंक विरघळला आणि मग, एक श्वास उशिरा, आतलं तेल कळलं. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण गोल, पण जागोजाग खड्डे पडलेले दिसतात, कारण साय धरल्यावरही आतलं पाणी जात राहतं आणि कवच आत ओढलं जातं. कणाच्या आत तेलाचा एकच मोठा गोळा नसतो. सीताफळाच्या गरात बिया विखुरलेल्या असाव्यात तसे तेलाचे थेंब डिंकाच्या काचेसारख्या गरात विखुरलेले असतात.

पण सगळेच थेंब आत राहत नाहीत. काही कणांच्या पृष्ठभागावर उघडे राहतात. प्रयोगशाळेत पावडर हेक्झेन या द्रावकाने हलकेच धुतात, निघालेलं तेल मोजतात आणि एकूण तेलातून वजा करतात. त्यावरून भिंत कितपत पक्की झाली ते कळतं. हे उघडं तेल थोडंसं असलं तरी आधी खवट होतं ते तेच. मग आतलं ऐंशी-नव्वद टक्के तेल ताजं असूनही सगळ्या डब्याला वास मारतो. दुसरी तपासणी पेरॉक्साइड व्हॅल्यूची, म्हणजे तेलात ऑक्सिजन आधीच किती येऊन बसला आहे याची. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार शुद्ध केलेल्या खाद्यतेलात ती १० पर्यंत आणि घाण्याच्या तेलात १५ पर्यंत चालते. ही तपासणी तेलाला भिंत घालण्याआधी व्हायला हवी. साखळी एकदा सुरू झालेलं तेल कितीही चांगल्या डिंकात बंद केलं तरी ते आतल्या आत बिघडत राहतं. चांगलं तंत्र वाईट तेलाला झाकण्यासाठी वापरलं जाण्याचा धोका मला यात सगळ्यात जास्त वाटतो, कारण भिंतीआडच्या तेलाला ग्राहकाचं नाक लागत नाही. घाण्याच्या काकांची बाटली निदान हुंगता येते.

आणि पावसाळा. कोकणपट्टीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असते. डिंकाची किंवा साखरेची भिंत कोरडी असते तोवर ती काचेसारखी ताठ असते, ऑक्सिजन तिच्यातून कष्टाने शिरतो. तिने ओलावा धरला की ती रबरासारखी मऊ होते, कण एकमेकांना चिकटतात, पावडरीचे खडे होतात. भिंतीत लॅक्टोज असेल तर ते ओलाव्यात स्फटिक होऊ लागतं आणि स्फटिकात तेलाला जागा नसते, ते बाहेर ढकललं जातं. उघडा राहिलेला दूध पावडरीचा डबा पावसाळ्यात आधी गुठळ्यांचा होतो आणि मग त्याला वास येऊ लागतो, त्यामागे हीच क्रिया. युरोपात लिहिलेली टिकाऊपणाची तारीख मुंबईच्या जुलैला जशीच्या तशी लावता येत नाही.

मुंबईतच माटुंग्याला, जुन्या लोकांच्या तोंडी अजून यूडीसीटी असलेल्या आणि १९३३ साली सुरू झालेल्या संस्थेत, म्हणजे आजच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, या विषयावर मोलाचं काम झालं आहे. प्रा. रेखा सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २००७ या काळात वेलची, काळी मिरी आणि जिरं यांच्या ओलिओरेझिनवर प्रयोग केले. ओलिओरेझिन म्हणजे मसाल्याचा तेलकट, दाट अर्क. त्यात वासही असतो आणि तिखटपणाही. वेलचीचा वास सिनिओल आणि टर्पिनिल ॲसिटेट या दोन रेणूंवर बराचसा अवलंबून, मिरीचा झणका पायपरीनवर. मिरीच्या बाबतीत अरबी डिंकाने सुधारित स्टार्चपेक्षा चांगलं रक्षण केलं. वेलची आणि जिऱ्याच्या प्रयोगांत त्यांनी डिंक, माल्टोडेक्स्ट्रिन आणि सुधारित स्टार्च यांची वेगवेगळी मिश्रणं करून पाहिली. सहा भागांत चार भाग डिंक आणि उरलेल्या दोघांचा एकेक भाग, हे मिश्रण नुसत्या डिंकापेक्षाही सरस ठरलं. यात पैशाचाही हिशेब आहे, कारण डिंक महाग आणि बाहेरून येणारा, माल्टोडेक्स्ट्रिन मक्यापासून इथे होणारं. हिंगाच्या बाबतीत आपण हे फार आधीपासून करत आलो आहोत. बाजारातला बांधानी हिंग म्हणजे मूळ हिंगाची राळ डिंक आणि पिठात बांधलेली. शुद्ध हिंगाच्या खड्याचा उग्रपणा आटोक्यात येतो आणि चिमटीने वापरता येतो.

म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतलं एक काम मला त्याहून जिव्हाळ्याचं वाटतं, कारण ते अळिवाचं आहे. बाळंतिणीला आपण अळिवाचे लाडू देतो. अळिवाच्या तेलात सुमारे एक तृतीयांश अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं. तिथल्या संशोधकांनी हे तेल दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांत बंद करून त्याची पावडर बिस्किटांत घातली आणि बिस्किटांची घडण, चव आणि साठवणीतला टिकाऊपणा तपासला. त्यावरचा निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बिस्किट हा या कामी अवघड पदार्थ आहे. पीठ मळताना पाणी आणि घर्षण भिंत मोडू पाहतात, मग भट्टीची धग, मग महिनोन्‌महिने पुड्यात राहणं.

भट्टीतून तेल वाचवण्याचा सर्वांत सुंदर उपाय मला ऑस्ट्रेलियाचा वाटतो. मेलबर्नजवळच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत लूझ सांगुआन्स्री आणि मेरी ॲन ऑगस्टिन यांनी दुधातलं केसिन आणि साखर एकत्र तापवून त्या मिश्रणाचीच भिंत केली. खवा आटवताना त्याला बदामी रंग चढतो, रवा भाजताना खमंग वास सुटतो, ती मेयार क्रिया. तिच्यातून तयार होणारे पदार्थ स्वतःच ऑक्सिडेशन रोखतात. म्हणजे ही भिंत ऑक्सिजनला अडवते आणि जो थोडा आत शिरतो त्याला टिपूनही घेते. या पद्धतीने बंद केलेलं ट्यूना माशाचं तेल तिथल्या पावात भाजलं गेलं आणि पुढे बाळांच्या दुधाच्या पावडरीत गेलं.

एवढं सगळं केल्यावर खाणाऱ्याच्या पोटात किती जातं? युरोपच्या नियमानुसार शंभर ग्रॅम पदार्थात (आणि शंभर कॅलरींतही) ईपीए (माशांच्या तेलातलं दुसरं ओमेगा-३) आणि डीएचए मिळून ४० मिलिग्रॅम असलं की ‘ओमेगा-३ चा स्रोत’ असं लिहिता येतं. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी प्रौढांसाठी रोज किमान २५० मिलिग्रॅम सुचवलं आहे. शंभर ग्रॅमला ४० मिलिग्रॅमच असलेली दहा-दहा ग्रॅमची दोन बिस्किटं खाल्ली तर पोटात ८ मिलिग्रॅम गेलं. दिवसाची भरपाई करायला तशी साठाहून अधिक बिस्किटं लागतील आणि त्यांच्यासोबत मैदा आणि साखरही तेवढीच. तारली किंवा बांगडा खाणाऱ्या घराला त्या बिस्किटाची काही गरज नाही. दहा ग्रॅम भाजक्या, भरडलेल्या जवसात दोन ग्रॅमच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळतं, तेही कुठल्याही ड्रायरशिवाय.

मात्र जवसाच्या बाजूनेही अर्धंच सत्य सांगून थांबता येत नाही. शरीर अल्फा-लिनोलेनिक आम्लापासून डीएचए बनवतं, पण अगदी थोडं. मासे न खाणाऱ्या गरोदर बाईला किंवा आईचं दूध न मिळणाऱ्या बाळाला तयार डीएचए द्यायचं तर शेवाळाचं तेल हा शाकाहारी मार्ग आहे. पाच नाजूक कार्बन असलेलं ते तेल, डबा उघडल्यावर रोज चमचा बुडणाऱ्या पावडरीत टिकवायचं, तर भिंतीला पर्याय नाही. या ठिकाणी हे तंत्र खरोखर कामाचं आहे. निरोगी, चारी ठाव जेवणाऱ्या माणसाला विकलेल्या ‘हृदयासाठी उत्तम’ बिस्किटात ते तितकं कामाचं नाही. २०१८ मध्ये कोक्रेन संस्थेने ७९ चाचण्यांचा, १,१२,०५९ लोकांचा आढावा घेतला, तेव्हा ईपीए आणि डीएचए वाढवल्याने मृत्यूंवर किंवा हृदयविकाराच्या घटनांवर फारसा परिणाम दिसला नव्हता. तंत्रज्ञाने भिंत चोख बांधली म्हणून आतल्या तेलाबद्दलचा प्रत्येक दावा खरा ठरत नाही. पुड्यावर ‘डीएचएयुक्त’ एवढंच ठळक छापलेलं पाहून मुलांसाठी जास्त पैसे मोजणाऱ्या आईवडिलांना मागच्या बाजूला मिलिग्रॅमचा आकडाही तेवढ्याच ठळकपणे दिसायला हवा.

भिंतीसाठी लागणारा डिंक येतो कुठून, हेही पाहायला हवं. कोडेक्सच्या व्याख्येतला अरबी डिंक अकेशिया सेनेगल आणि अकेशिया सेयाल या दोन झाडांचा. त्याचा सर्वांत मोठा पुरवठादार सुदान. कोर्दोफान आणि दारफूरच्या रखरखीत पट्ट्यात शेतकरी झाडाची साल खरवडतात, काही आठवड्यांनी सुकलेले डिंकाचे खडे हाताने गोळा करतात. १९९७ मध्ये अमेरिकेने सुदानवर निर्बंध घातले तेव्हाही हा डिंक त्यातून वगळावा लागला, इतका अमेरिकेतला अन्नउद्योग त्याच्यावर अवलंबून होता. एप्रिल २०२३ पासून सुदानमध्ये युद्ध पेटलेलं आहे आणि याच पट्ट्यांत ते भयंकर झालं आहे. आपल्या मसाल्याच्या पुडीतली भिंत ज्या लोकांच्या हातून येते, ते लोक गावं सोडून पळत आहेत.

अकेशिया सेनेगल राजस्थानातही आहे, तिथे त्याला कुमट म्हणतात. जोधपूरच्या काझरी संस्थेने झाडाला भोक पाडून इथेफॉनचं औषध देऊन डिंक वाढवण्याची पद्धत शेतकऱ्यांपर्यंत नेली आहे. लाडवांत आपण घालतो तो डिंक बहुतेक वेळा बाभळीचा किंवा धावड्याचा असतो. बाभळीचा डिंक कोडेक्सच्या व्याख्येत बसत नाही. धावडा मात्र वेगळी गोष्ट आहे. सातपुड्यापासून सह्याद्रीपर्यंत आपल्या पानगळीच्या जंगलात तो सर्वत्र आहे. त्याच्या डिंकाला व्यापारात ‘गम घट्टी’ म्हणतात आणि तेल पाण्यात धरून ठेवण्याच्या कामी कमी प्रमाणातही तो अरबी डिंकाला मागे टाकतो. अडचण अशी की तो पाण्यात पुरता विरघळत नाही आणि थोड्याशानेच मिश्रण घट्ट होतं. घट्ट मिश्रण चकतीवरून नीट उडत नाही, पातळ करावं तर साय उशिरा धरते. माटुंग्याच्या प्रयोगांत डिंकासोबत माल्टोडेक्स्ट्रिन आणि स्टार्च मिसळलं होतं, त्याच वाटेने ही अडचण कमी होईल असं मला वाटतं.

विदर्भाचं जवस, मेळघाटातल्या धावड्याचा डिंक आणि मक्याचं माल्टोडेक्स्ट्रिन घेऊन एखाद्या कृषी विद्यापीठाने पावडर करावी. ती रत्नागिरीला साध्या दुकानाच्या फळीवर पूर्ण पावसाळाभर ठेवावी, दर पंधरवड्याला तिची पेरॉक्साइड व्हॅल्यू आणि पृष्ठभागावरचं तेल मोजावं, आणि शेजारी त्याच जवसाचं अख्खं बी पोत्यात ठेवून त्याचेही आकडे घ्यावेत. दोन्ही रकाने मराठीत छापून घाणेवाल्यांपर्यंत, डिंक गोळा करणाऱ्या पाड्यांपर्यंत आणि बचत गटांपर्यंत पोहोचवावेत. पावडर जिंकली तर अंगणवाडीच्या खाऊत तिला जागा आहे. बी जिंकलं तर अंगणवाडीला भाजकं जवस आणि एक छोटी चक्की द्यावी.